स्वयंचलित ई-पत्रोत्तरे

स्वयंचलित ई-पत्रोत्तरे : ई-पत्राचा प्राप्तकर्ता रजेवर असताना त्याच्या वतीने संगणकाने आपोआप धाडलेली उत्तरे. एकाच पत्रात प्रेषकाचे अनेक पत्ते असू शकत असल्याने, उत्तर कोणत्या पत्त्यावर पाठवावे हा प्रश्न दीर्घकाळ महत्त्वाचा ठरला.

अमेरिकेतील आर्पानेट या संगणक-जालासाठी १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ७३३ या दस्तऐवजात मजकुराचा कर्ता (फ्रॉम), प्रत्यक्ष पाठविणारा (सेंडर) आणि उत्तरासाठी नेमलेला पत्ता (रिप्लाय-टू) असा भेद केलेला आढळतो. डेव्हिड क्रॉकर यांच्या आरएफसी ८२२ मध्ये (१९८२) ‘रिप्लाय-टू’ असल्यास उत्तर तेथे, एरवी ‘फ्रॉम’कडे पाठवावे, असे सांगितले आहे. हे सर्व पत्ते पत्राच्या शिरोभागी असतात. त्याच वर्षी जोनाथन पॉस्टेल (१९४३–९८) यांनी आरएफसी ८२१ मध्ये पत्रवहनाचे नियम मांडले. त्यांत लिफाफ्यावरील पत्त्यासारखा एक स्वतंत्र परतीचा पत्ता असून, पत्र न पोहोचल्याची सूचना त्यावर जाते. सूचनेवर पुन्हा सूचना निघू नये म्हणून सूचनापत्रातील हा पत्ता रिकामा ठेवण्याची युक्तीही तेथे सुचविली आहे.

एरिक ऑलमन यांचा ‘व्हेकेशन’ हा कार्यक्रम ४.३ बीएसडी या संगणक-प्रणालीबरोबर (१९८६) प्रसारात आला. तो लिफाफ्यावरील पत्त्यालाच उत्तर देई, एका प्रेषकास सामान्यतः आठवड्यातून एकदाच देई आणि सामूहिक पत्रांना मुळीच देत नसे. या सावधगिरीस कारण होते. सामूहिक पत्रातील ‘रिप्लाय-टू’ हा पुष्कळदा सर्व सभासदांचा सामाईक पत्ता असतो. एका रजेवरील सभासदाचे यांत्रिक उत्तर तेथे गेल्यास ते सर्वांना पोहोचते, त्यावर इतरांची यंत्रे उत्तरे देतात व पत्रांचे चक्र थांबत नाही.

हा अनुभव कीथ मूर यांच्या आरएफसी ३८३४ मध्ये (२००४) नियमबद्ध झाला. ‘रिप्लाय-टू’ हा पत्ता माणसाने लिहावयाच्या उत्तरासाठी योजलेला असतो. म्हणून रजेच्या उत्तरासारखे यांत्रिक उत्तर परतीच्या पत्त्यावर पाठवावे, तो रिकामा असल्यास पाठवू नये आणि उत्तरावर ‘स्वयंप्रेषित’ अशा अर्थाची खूण असावी, असे त्यात म्हटले आहे.

या नियमांनी पत्रचक्रास आळा बसतो. फसवणुकीस मात्र नाही. परतीचा पत्ता बनावट असल्यास यांत्रिक उत्तरे त्या पत्त्याच्या निरपराध धन्याकडे जातात. यामुळे संशयित पत्रे आधी गाळून उरलेल्यांनाच उत्तर देण्याची पद्धत रूढ झाली आहे.