आगाशी : विसरलेले बंदर आणि त्याची गलबते

आगाशीस आपण जातो ते श्री मुनिसुव्रतस्वामी भगवंतांच्या दर्शनाला. विरार स्थानकावर उतरावे, पश्चिमेची वाट धरावी, पूजा-चैत्यवंदन आटोपून दुपारपर्यंत परतावे, असा बहुतेकांचा शिरस्ता. मंदिरापासून दोन-तीन किलोमीटर पुढे गेले की अर्नाळ्याचा समुद्र लागतो, परंतु तेथवर जाणारे यात्रेकरू थोडेच. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांस त्या किनाऱ्यापर्यंत नेण्याचा हा प्रयत्न आहे. कारण आगाशीचे मंदिर ज्या कथेने ओळखले जाते, ती कथा मुळात एका जहाजाची आहे.

या भागाचे दर्यावर्दीपण फार जुने. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख बंदर म्हणून येतो. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तेथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. चौदाव्या शतकातील आचार्य जिनप्रभसूरी यांनीही आपल्या तीर्थवर्णनात सोपाऱ्याची नोंद केली आहे. त्या काळी सोपाऱ्याची खाडी वसईची खाडी आणि वैतरणा यांना जोडत असे. म्हणजे वसई-आगाशीचा हा पट्टा चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला होता. पुढे खाडी गाळाने भरत गेली, सोपाऱ्याचे महत्त्व ओसरले आणि वैतरणेच्या मुखालगतचे आगाशी पुढे आले.

आगाशी केवळ माल उतरवण्याचे ठिकाण नव्हते. येथे जहाजे बांधली जात. वैतरणेच्या वरच्या अंगाला सागवानाची जंगले होती. तोडलेले लाकूड नदीच्या ओघाने व ओहोटीच्या पाण्याने खाली आणणे सोपे, आणि समोर अर्नाळ्याचे बेट आडवे असल्याने मुखाशी थोडा आडोसाही मिळे. लाकूड, पाणी आणि आसरा ही तिन्ही एका जागी लाभलेली गावे कोकणपट्टीत फारशी नाहीत. या भरभराटीची नोंद शत्रूच्या लेखणीतून उरली आहे. 1530 साली अंतोनियो द सिल्वेरा या पोर्तुगीज सरदाराने सुरत, रांदेर जाळून दक्षिणेकडे येताना आगाशी लुटले, तेव्हा येथे तीनशे नावा हाती लागल्याचे सांगितले जाते. पुढच्याच वर्षी पुन्हा हल्ला झाला. त्या वेळी चौदा मोठ्या जहाजांचे लाकूड सापडले. तीनशे नावांत लहान होड्या व पडावच अधिक असणार, हे उघड आहे. तरीही दुसऱ्या वर्षी चौदा मोठ्या जहाजांची तयारी दिसावी, यावरून येथील सुतारांची चिकाटी कळते. 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, आणि ज्यांनी हे गाव दोनदा उद्ध्वस्त केले तेच येथील कारागिरांचे गिऱ्हाईक झाले. 1540 च्या सुमारास आगाशीला बांधलेली जहाजे युरोपपर्यंतचा प्रवास करू शकत, अशी नोंद आहे.

या सुतारांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत. मंदिर बांधणाऱ्याचा शिलालेख असतो, किल्ला बांधणाऱ्याचाही असतो; अर्नाळ्याच्या दारावर बाजीराव पेशव्यांचे नाव आजही वाचता येते. मराठ्यांनी 1737 मध्ये बेट घेतले आणि किल्ला नव्याने उभारला. जहाजाचे नशीब निराळे. दर पावसाळ्यापूर्वी ते किनाऱ्यावर ओढायचे, शाकारायचे, फळ्यांच्या सांध्यांत तेल-राळेत भिजवलेला कापूस ठासायचा आणि काही दशकांनी मोडीत काढायचे. त्यावर नाव कोरून काय उपयोग?

आता शेठ मोतीशांविषयी. शेठ मोतीचंद अमीचंद (1782-1836) हे मुंबईचे मोठे जहाजमालक व व्यापारी. भायखळ्याचे मंदिर आणि शत्रुंजयावरील मोतीशा टूक ही त्यांची कीर्तिस्थाने सर्वांस ठाऊक आहेत. परंपरा अशी की, त्यांचे एक जहाज आगाशीच्या किनाऱ्याशी अडकले, संकट ओढवले, आणि ते टळावे म्हणून शेठजींनी येथे मंदिर बांधण्याचा संकल्प केला. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतो. प्रतिमा सोपाऱ्याच्या तलावातून मिळाली, असेही श्रद्धापूर्वक सांगितले जाते. मुंबई-चीन मार्गावरील गलबत वाऱ्याने वा अन्य कारणाने वैतरणेच्या मुखाशी आश्रयाला यावे, यात अशक्य काहीच नाही.

मात्र एक गोष्ट स्पष्ट लिहिलेली बरी. त्या काळी मुंबईहून चीनला जाणाऱ्या मालात कापसाबरोबर अफूही असे आणि शेठजींची पेढीही त्या व्यापारात होती. ज्या भाविकाने प्राणिमात्रांसाठी पांजरापोळ उभारण्यास मदत केली, त्याच्याच जहाजांत हा माल जात होता. आपल्या स्मरणिकांतून याविषयी मौन पाळण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखकास तो पटत नाही. दानाची थोरवी सत्य सांगितल्याने उणी होत नाही.

आगाशी बंदर ओसरण्यास एकच कारण देता येणार नाही. गाळ होताच. मुंबईच्या गोदीत मोठी जहाजे बांधली जाऊ लागली. पुढे लोहमार्ग आला आणि 12 एप्रिल 1867 रोजी विरार ते बॅकबे अशी गाडी सुरू झाली. माल भरतीची वाट पाहीनासा झाला. आगाशीची प्रसिद्ध सुकेळीही गाडीने जाऊ लागली.

परंतु किनारा रिकामा झाला नाही. अर्नाळ्याच्या कोळी बांधवांनी तो जिवंत ठेवला. त्यांचे मचवे बोंबिलासाठी डोल जाळी लावतात. नाळेला हळदकुंकू लावून नारळी पौर्णिमेला ते समुद्राची पूजा करतात. मासेमारी आपल्या आचारधर्मात बसत नाही, आणि त्यामुळेच कदाचित आपण त्या वाटेला वळत नाही. तरीही वारा, भरती, नांगर टाकण्याच्या जागा यांचे जे ज्ञान या गावात आज उरले आहे, ते त्यांच्यापाशीच आहे. शेठजींच्या जहाजाच्या डोलकाठीवर चढणारे हातही व्यापाऱ्याचे नव्हते, दर्यावर्दींचेच होते.

2025 साली विरारजवळील मारंबळपाडा येथून सफाळ्याच्या बाजूस वाहने नेणारी फेरीबोट सुरू झाली. वैतरणेच्या मुखाशी पुन्हा माणसे धक्क्यावर रांगेत उभी राहू लागली. अर्नाळ्याच्या बेटावर मात्र अजूनही किनाऱ्यावरून लहान होडीनेच जावे लागते. पुढच्या यात्रेस निघताना भरतीची वेळ विचारून घ्यावी. ओहोटीला पाण्यातून चालत जाऊन होडी गाठावी लागते.