पाटण (पाटणादेवी)

जळगाव जिल्ह्याच्या चाळीसगाव तालुक्यातील उजाड राजनगर. चाळीसगावच्या नैर्ऋत्येस सुमारे १८ किमी., सातमाळा-अजिंठा डोंगररांगेच्या पायथ्याशी. बाराव्या-तेराव्या शतकांत यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ राजांची ही राजधानी. खानदेशातील सोळाशे गावांचे आपण धनी, असे ते शिलालेखांत सांगतात. आज येथे राजवाडा नाही, पेठ नाही. देवळे आणि विखुरलेले घडीव दगड तेवढे उरले आहेत. मात्र मानवी वस्ती निकुंभांहून कितीतरी जुनी. १९७२-७३ मध्ये एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात पुराश्मयुगीन थरात शहामृगाच्या अंड्याचे, रेषा कोरलेले कवच मिळाले; त्याचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा.

महादेव मंदिर उंच जोत्यावर, काळ्या पाषाणात बांधलेले आहे. शके १०७५ (इ. स. ११५३) च्या लेखानुसार त्याचे काम निकुंभ इंद्रराजाने आरंभले. तो वारल्यावर राणी श्रीदेवीने अज्ञान पुत्र गोवनाच्या नावे कारभार पाहिला आणि मंदिर पुरे केले.

पाटणची खरी कीर्ती दुसऱ्या, शके ११२८ च्या लेखामुळे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’ आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने येथे मठ स्थापला. निकुंभ सोइदेवाने मठास जमीन दिली, पुढे त्याचा भाऊ हेमाडिदेव यानेही दान दिले. लेखाचा शेवट जुन्या मराठीत असून त्यात मठाच्या उत्पन्नाची तजवीज आहे : बाजारातील विक्रीवर ठरावीक हक्क, गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या, दर घाण्यामागे पळीभर तेल, शिवाय माल मोजायचा तो मठाच्याच मापाने. गणिताच्या अभ्यासाचा खर्च तेल्यातांबोळ्यांच्या पेठेवर बसवलेला असा इतका तपशीलवार हिशेब विरळाच.

भास्कराचार्य (जन्म शके १०३६) आपले गाव विज्जडविड असे सांगतात. ते हेच की दुसरे, हा वाद जुना आहे. पाटणचा लेख विज्जडविडाचे नाव घेत नाही, तेव्हा केवळ त्याच्या आधारे ते गाव येथे आणून बसवणे घाईचे. पण भास्कराचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर यास यादवराजा जैत्रपालाने याच नगरातून नेऊन पंडितांचा अग्रणी केले, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. घराण्याचा पाटणशी संबंध मानण्यास एवढे पुरेसे आहे.

परिसर आता गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात मोडतो. येथील चंडिकादेवीच्या (पाटणादेवीच्या) दर्शनाला नवरात्रात खानदेशभरातून गर्दी लोटते. डोंगरावर पितळखोऱ्याची बौद्ध लेणी असून जवळच कन्हेरगड, नागार्जुन लेणे आणि सीतान्हाणी ही स्थळे आहेत. देवीला येणाऱ्याने महादेव मंदिर चुकवू नये.