लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करताय? आधी खान्देशचा पारा बघा!

धुळ्यात कडाक्याच्या थंडीत पारा ६ अंशांच्या आसपास उतरतो. तिथून साधारण शंभर किलोमीटरवर असलेल्या जळगावात मे महिन्यात तो ४५ अंशांपर्यंत चढतो. या फरकाचा फटका गेमिंग लॅपटॉपलाही बसतो, हे मात्र पटकन लक्षात येत नाही. जानेवारीत ओव्हरक्लॉक करून मस्त चाललेला लॅपटॉप मेमध्ये ऐन गेममध्ये अडकतो. नाहीतर लग्नाच्या व्हिडिओचं रेंडरिंग ९० टक्क्यांवर आलेलं असताना बंद पडतो.

सेटिंग तीच, लॅपटॉप तोच. मग असं का होतं?

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय?

ग्राफिक्स चिप किती वेगाने चालावी हे कंपनी ठरवून देते. हा वेग मेगाहर्ट्झमध्ये मोजतात. तो ठरलेल्या आकड्याच्या वर नेणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. चिपचा कोर आणि तिची मेमरी, दोन्हींचा वेग वेगवेगळा वाढवता येतो. त्यासाठी एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर सर्रास वापरलं जातं आणि ते इतर कंपन्यांच्या लॅपटॉपवरही चालतं. पण डाउनलोड अधिकृत साइटवरूनच करायचं. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट साइटवरून व्हायरस पसरवले जात असल्याचा इशारा एमएसआयनेच २०२१ मध्ये दिला होता.

लॅपटॉपवर ओव्हरक्लॉकिंग करू द्यावं की नाही, यावरही वाद झालाय. २०१५ च्या सुरुवातीला एनव्हिडियाने नव्या ड्रायव्हरमधून लॅपटॉप कार्डांची ही सोय बंद केली. ग्राहक भडकले आणि कंपनीने फेब्रुवारीतच ती परत देण्याचं जाहीर केलं.

लॅपटॉपमध्ये अडचण कुठे येते?

डेस्कटॉपच्या कार्डाला स्वतःचे मोठे पंखे असतात. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप बहुतेक वेळा एकाच कूलिंगवर भागवतात. शिवाय विजेची मर्यादा असते. आरटीएक्स ४०६० चं लॅपटॉप कार्ड मॉडेलनुसार ३५ ते ११५ वॅटपर्यंत वीज घेतं. म्हणजे नाव एकच असलं तरी दोन लॅपटॉपचा वेग वेगळा असू शकतो.

आता उष्णतेचा हिशोब बघा. खोलीत २२ अंश असताना चिप ७२ वर जात असेल, तर फरक ५० अंशांचा. तोच गेम ३८ अंशांच्या खोलीत चालवला तर चिप ८८ च्या आसपास पोहोचते. बऱ्याच लॅपटॉप कार्डांची मर्यादा ८५ ते ९० अंशांच्या दरम्यान असते. तिथे पोहोचल्यावर चिप आपणहून वेग कमी करते आणि ओव्हरक्लॉकिंगचा फायदा गायब होतो. त्यातच तापलेल्या चिपला वाढीव वेग कमी झेपतो.

बहुतेक कंपन्या लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या वातावरणात वापरायला सांगतात. जळगाव, भुसावळची मेमधली दुपार या मर्यादेच्या कितीतरी पुढे असते.

स्टेबिलिटी टेस्ट कशी करतात?

१. आधी काहीही न बदलता तापमान, वॅट आणि टेस्टचा स्कोअर लिहून ठेवा.

२. कोरचा वेग १५ ते २५ मेगाहर्ट्झच्या टप्प्यांत वाढवा आणि प्रत्येक टप्प्यावर टेस्ट घ्या. मेमरीला हात नंतर लावा. दोन्ही एकदम वाढवले तर चूक कुठे झाली ते कळत नाही.

३. थ्रीडीमार्कच्या पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीत स्ट्रेस टेस्ट आहे. ती एकच दृश्य २० वेळा चालवते. फ्रेम रेटची स्थिरता किमान ९७ टक्के असेल तर पास. ओसीसीटीमध्ये व्हिडिओ मेमरीतल्या चुकाही तपासता येतात. फरमार्क चिपला खूप तापवतो, पण फक्त त्यावर विसंबू नका. फरमार्कमध्ये टिकलेली सेटिंग गेममध्ये कोसळू शकते.

४. शेवटी रोजचा गेम किंवा एडिटिंग एक-दोन तास चालवून बघा.

स्क्रीनवर रंगीत ठिपके किंवा चौकोन चमकले, तर वेग जास्त झालाय. चिपने साधारण २ सेकंद प्रतिसाद दिला नाही तर विंडोज ड्रायव्हर रीसेट करतं. स्क्रीन क्षणभर काळी होते ती त्यामुळेच. मेमरीचं दुखणं मात्र लपून राहतं. बऱ्याच कार्डांत मेमरी चूक पकडून डेटा पुन्हा पाठवते. त्यामुळे क्रॅश होत नाही, पण वेग वाढवूनही स्कोअर घसरतो. असं दिसलं की मागे या.

आणि ही टेस्ट पहाटेच्या गारव्यात नको. ज्या खोलीत, ज्या दुपारी लॅपटॉप खरंच वापरणार, तिथेच घ्या. थंडीत पास झालेली सेटिंग उन्हाळ्यासाठी पास झालेली नसते.

खान्देशात उलटा मार्ग जास्त कामाचा

तो म्हणजे अंडरव्होल्टिंग. वेग जवळपास तोच ठेवून व्होल्टेज कमी करायचं. चिपची वीज ढोबळमानाने व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. व्होल्टेज १० टक्के उतरवलं तर त्या भागाची वीज सुमारे १९ टक्के घटते आणि तेवढी उष्णताही. आफ्टरबर्नरमधल्या व्होल्टेजच्या आलेखात हे करता येतं, पण सगळ्याच लॅपटॉपवर ही सोय खुली नसते. यालाही वरचीच टेस्ट लागते.

पंख्यांतली धूळ काढणं आणि लॅपटॉपची मागची बाजू उचलून ठेवणं, हे उपाय बिनधोक. खोलीत कूलर जरूर लावा, पण त्याचा ओलसर झोत थेट लॅपटॉपवर नको.

बिघडलं तर?

आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिप मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते. ती गेली तर अनेकदा अख्खा बोर्ड बदलावा लागतो. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसतं का, हे आधी वाचून घ्या. मिळणारा वेग बहुतेक वेळा १० टक्क्यांच्या आतच असतो. हप्त्यांवर घेतलेल्या लॅपटॉपसाठी हा हिशोब महत्त्वाचा.

आफ्टरबर्नरमध्ये ५ प्रोफाइल सेव्ह करता येतात. थंडीची एक, उन्हाळ्याची दुसरी ठेवा. विंडोज सुरू होताच सेटिंग लागू करण्याचा पर्याय टेस्ट पूर्ण होईपर्यंत बंदच ठेवा. म्हणजे लॅपटॉप अडकला तरी रीस्टार्ट केल्यावर मूळ वेगावर येईल.