बसऱ्याच्या भिंतीवर नसलेली नावं

नाशिकच्या रामकुंडावर रोज अस्थी येतात. कोणी मुंबईहून येतं, कोणी सटाण्याहून, कोणी थेट परदेशातून. तीर्थोपाध्याय आधी मृताचं नाव विचारतात, मग बापाचं, आजोबाचं, गावाचं, गोत्राचं. ज्या घराण्यांची माणसं पिढ्यान्पिढ्या इथं येत आली, त्यांच्या नोंदी उपाध्यायांच्या जुन्या वह्यांत सापडतात. मेलेल्या माणसाचं नाव कुणीतरी लिहून घेतलं, या गोष्टीचा घरच्यांना मोठा आधार असतो.

पण अस्थीच हाती आल्या नाहीत तर? धर्मशास्त्रानं त्याचीही सोय केली आहे. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. हा पालाशविधी. अकाली, अपघाती मृत्यूसाठी त्र्यंबकेश्वरी नारायणबळी करतात. पहिल्या महायुद्धात मराठी मुलखातल्या अनेक घरांपुढे हाच पेच होता. मुलगा बोटीत बसून गेला होता, आणि परत आला तो फक्त एक सरकारी कागद. १९११च्या जनगणनेनुसार देशात शंभरातल्या जेमतेम सहा माणसांना लिहितावाचता येत होतं. म्हणजे तो कागदही बहुतेक आईबापांना दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्यावा लागला.

ती बोट गेली होती बसऱ्याला. नोव्हेंबर १९१४मध्ये आजच्या इराकमध्ये, तेव्हाच्या मेसोपोटेमियात, फौज उतरली ती सहाव्या पुणे डिव्हिजनची. तिच्यात १०३वी, ११०वी आणि ११७वी या मराठा पलटणी होत्या. सुरुवातीला तेलाच्या नळांचं आणि बंदराचं रक्षण एवढंच काम होतं. बसरा सहज हाती आलं आणि सेनापतींची नजर बगदादकडे वळली. नोव्हेंबर १९१५मध्ये बगदादच्या वाटेवर टेसिफोनला फौजेचा इतका संहार झाला की तिचा सेनापती जनरल टाउनशेंड याला माघार घ्यावी लागली. तिग्रिसच्या वळणावरच्या कुत-अल-अमारा गावात तो अडकला तो अडकलाच. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ वेढा चालला. शिधा संपत आला तेव्हा घोडे मारून खायची वेळ आली. हिंदुस्थानी शिपायांनी ते मांस नाकारलं. मग हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगी मागवून ती बिनतारी संदेशानं वेढ्यात पोचवावी लागली. अखेर सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांना शरण गेली आणि कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं. त्यातले हजारो परतले नाहीत.

जखमींची कथा याहून भयंकर आहे. टेसिफोनचे जखमी नदीतून बसऱ्याला पोचले, तेव्हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या मेजर कार्टर यांनी त्यांची बोट पाहिली. दिवसेंदिवस उघड्यावर, घाणीत, बांधलेल्या पट्ट्या न बदलता माणसं खच्चून भरली होती. कार्टर यांनी ते लिहून वर कळवलं, तर वरिष्ठांनी त्यांनाच दमात घेतलं. पुढे लंडनला चौकशी आयोग बसला. १९१७च्या उन्हाळ्यात त्याचा अहवाल बाहेर आला, सिमल्याच्या सरकारची अब्रू गेली आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला.

त्या संतापाला शब्द देणाऱ्यांत एक पुत्रवियोगी बाप होता. रुडयार्ड किपलिंगचा जन्म मुंबईचा, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारातला. त्याचा मुलगा जॉन दृष्टी अधू म्हणून सैन्यात नाकारला गेला होता. बापानं ओळख लावून त्याला आयरिश गार्ड्समध्ये घातलं. सप्टेंबर १९१५मध्ये, अठरा वर्षांचा असताना, फ्रान्समध्ये लूसच्या लढाईत जॉन बेपत्ता झाला. बापाच्या हयातीत त्याच्या देहाचा ठावठिकाणा लागला नाही. हाच किपलिंग जुलै १९१७मध्ये मेसोपोटेमियावर कविता लिहून, पोरांना मरू देणाऱ्या अधिकाऱ्यांना जाब विचारत होता. त्याच वर्षी स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाचा तो सल्लागारही झाला. स्मारकशिळांवर कोरायचं वचन त्यानंच बायबलमधून निवडलं. या मृतांचं नाव चिरकाल टिकेल, असा त्याचा आशय आहे.

नाशिक जिल्ह्यातल्या बापाला यातलं काही करता येत नव्हतं. त्याच्याकडे वर्तमानपत्र नव्हतं, मत नव्हतं, इंग्रजी नव्हती. त्याच्या मुलाबद्दल बोलत होते ते दुसरेच.

बोलणारे पुष्कळ होते. नाशिक हा जिल्हाच सैन्यभरतीच्या वादाच्या मध्यभागी होता. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, त्याला पाच वर्षंही झाली नव्हती तोच सरकार याच मुलखात रंगरूट शोधू लागलं. सावरकर बंधू अंदमानात होते. त्यांचं भगूर आणि देवळालीची छावणी यांच्यात मात्र चालत जाण्याएवढंच अंतर. त्या छावणीतून गोऱ्या पलटणी येत-जात. युद्धकाळात तिथं मोठी लष्करी इस्पितळं उभी राहिली.    

लोकमान्य टिळकांची भूमिका सशर्त होती. माणसं देऊ, पण मुलखाचं रक्षण करायचं तर मुलखावर हक्कही हवा. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये युद्धपरिषद भरली. टिळक स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नर विलिंग्डननं त्यांना थांबवलं, आणि टिळक सभा सोडून निघाले. हिंदी माणसाला सैन्यात अधिकारपद मिळण्याचं वचन सरकारकडून घेतलंत तर महाराष्ट्रातून पाच हजार माणसं उभी करतो, असं त्यांनी गांधींना कळवलं. शब्द मोडला तर जप्त व्हावा म्हणून पन्नास हजार रुपयांचा चेकही पाठवला. मदतीचा सौदा करायचा नाही असं म्हणून गांधींनी तो परत केला.

गांधी स्वतः तेव्हा खेडा जिल्ह्यात पायी हिंडून भरती करत होते, बिनशर्त. गावामागे वीस माणसं, हे त्यांचं मागणं. जून १९१८च्या आवाहनात त्यांनी आईबापांच्या दुःखालाच हात घातला. युद्धात मुलं अर्पण करणं ही शूरांना वेदनेची नव्हे, आनंदाची गोष्ट वाटली पाहिजे, असं त्यांनी लिहिलं. शेतसाऱ्याच्या सत्याग्रहात ज्यांनी गांधींना डोक्यावर घेतलं होतं, त्यांनीच आता गाड्या देणं बंद केलं. अहिंसा शिकवणारा माणूस आमची पोरं शस्त्र धरायला कशी मागतो, असं लोक तोंडावर विचारू लागले. भरती नाममात्र झाली. त्या युद्धाबद्दल हिंदुस्थानातल्या आईबापांनी दिलेला इतका स्पष्ट निकाल दुसरीकडे क्वचितच नोंदला गेला असेल. त्यांनी सभा घेतली नाही, ठराव केला नाही. गाडी जुंपली नाही, एवढंच.

महारांची गोष्ट वेगळी आणि जास्त कडू. शतकाच्या आरंभी ज्यांना सैन्याची दारं बंद होती, त्यांच्यासाठी १९१७मध्ये १११वी महार पलटण उभी केली. युद्ध सरलं आणि १९२१मध्ये तीही मोडली. मुलगा द्यायला पात्र असलेला बाप देवळात शिरायला पात्र नव्हता. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. नाशिकचे दादासाहेब गायकवाड त्याचे खांब होते. पाच वर्षं झुंजूनही दार उघडलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात वाद अधिक धारदार झाला. लोकांना न विचारता व्हाइसरॉयनं हिंदुस्थानला युद्धात ओढलं, म्हणून १९३९च्या अखेरीस मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळासह काँग्रेसची मंत्रिमंडळं बाहेर पडली. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला विनोबा भावे यांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. या युद्धाला माणूस किंवा पैसा देणं चूक आहे, हे जाहीरपणे म्हणायचं आणि तुरुंगात जायचं. देशभरात वीस हजारांवर माणसं याप्रमाणे तुरुंगात गेली. दुसरीकडे भगूरचे सावरकर हिंदू तरुणांना सैन्यात शिरा असं सांगत होते. डॉ. मुंजे यांनी १९३७मध्ये काढलेली भोसला मिलिटरी स्कूल नाशिकमध्ये त्याच विचारानं चालली होती. आंबेडकरांनी युद्धाला पाठिंबा देत महार रेजिमेंटची मागणी लावून धरली, आणि १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावला ती उभी राहिली. प्रत्येकाकडे आपलं कारण होतं, आणि प्रत्येकाचं कारण खरं होतं.

तरीही त्या युद्धात पंचवीस लाख हिंदी माणसं गेली. त्यांतली बहुतेक ना व्हाइसरॉयच्या हाकेनं गेली, ना पुढाऱ्यांच्या. पगार, घरातली परंपरा, कोरडवाहू शेती, अशी त्यांची कारणं होती. सुमारे ८७ हजार परतले नाहीत. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत एकट्यानं मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथंच पडले. वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधी मात्र कुठं नाही. कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे.

निदान नाव आहे. बसऱ्याला तेही नाही. १९२९मध्ये उभारलेलं बसरा स्मारक मेसोपोटेमियात मेलेल्या, समाधी माहीत नसलेल्या चाळीस हजारांवर सैनिकांचं आहे. ब्रिटिश शिपायांची नावं भिंतीवर कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीनुसार फक्त आकडा दिला. ज्या आयोगानं दर्जा, वंश, धर्म न पाहता सर्वांना समान स्मरण देण्याचं तत्त्व मांडलं, त्याच आयोगाचं हे काम. महाराष्ट्रातल्या गावांत सरकारनं बसवलेल्या दगडी पाट्याही याच पद्धतीच्या. या गावातून १९१४ ते १९१९च्या महायुद्धाला इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे (मिलिटरी) गावाचे पहिल्या महायुद्धात ४६ जण मारले गेले. घरोघरी फौजी असलेलं गाव म्हणून आज त्याचा गौरव होतो. सेहेचाळीस हा आकडा सगळ्यांना पाठ आहे.

एप्रिल २०२१मध्ये आयोगानं स्वतःच चौकशी करून कबुली दिली. पहिल्या महायुद्धात मेलेल्या आशिया-आफ्रिकेतल्या ४५ ते ५४ हजार माणसांना असमान स्मरण मिळालं, आणि आणखी किमान १ लाख १६ हजारांना नावानं किंवा मुळीच मिळालं नाही. आयोगानं जाहीर माफी मागितली. तोपर्यंत त्या मुलांची वाट पाहिलेली सगळी माणसं मरून गेली होती.

स्वतंत्र भारतानं हा हिशेब थोडा बरा ठेवला, तरी वाद तसाच राहिला. १९८७च्या जुलैतल्या भारत-श्रीलंका करारानंतर भारताची शांतिसेना श्रीलंकेत गेली आणि काही आठवड्यांत लढाईत गुंतली. मराठा आणि महार रेजिमेंटच्या पलटणी जाफन्यात लढल्या. ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, जन्म मुंबईचा, २५ नोव्हेंबर १९८७ रोजी मारले गेले. महार रेजिमेंटचं एकमेव परमवीरचक्र त्यांचं. सुमारे बाराशे जवान कामी आले. मार्च १९९०मध्ये शेवटची तुकडी मद्रासच्या बंदरात उतरली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. तमिळांविरुद्ध लढलेल्या फौजेचं स्वागत करायचं नाही, ही त्यांची राजकीय भूमिका होती. तिचं समर्थन करता येईल, तिला विरोधही करता येईल. पण ज्यांचा मुलगा त्या बोटीवर नव्हता, त्या घरांनी ती रिकामी जागा कशी पाहिली असेल, हा प्रश्न तेव्हाच्या वादात फारसा कुणी विचारला नाही. त्या बाराशे जणांची नावं आज कोलंबोजवळच्या स्मारकावर कोरलेली आहेत.

युद्धाला विरोध करणं म्हणजे मृतांचा अपमान, आणि मृतांना मान देणं म्हणजे युद्धाला पाठिंबा, ही जोडी मराठी मुलखात शंभर वर्षं सोबत चालत आली आहे. ती तोडायला हवी. कुतची मोहीम चूक होती असं ठामपणे म्हणता येतं, आणि त्याच दमात ११७व्या पलटणीतल्या शिपायाचं नाव आदरानं घेता येतं. दोन्ही कामं एकाच माणसानं करायची आहेत.

त्यातलं दुसरं काम आता सोपं झालं आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची मृतांची यादी इंटरनेटवर खुली आहे. बसऱ्याच्या भिंतीवर नसलेली कितीतरी नावं तिच्यात आहेत. पुष्कळ नावांपुढे अर्धी ओळ सापडते: अमक्याचा मुलगा, अमुक गाव, अमुक तालुका, नाशिक. ज्या बापाला त्या सबंध युद्धात कुणी काही विचारलं नाही, त्याचं नाव त्या अर्ध्या ओळीत उरलं आहे. तुमच्या गावात आकड्याची दगडी पाटी असेल, तर एकदा ती यादी उघडा आणि गावाचं नाव घालून शोधा. मिळतील ती नावं, बापाच्या नावासकट, ग्रामपंचायतीला देऊन त्या पाटीशेजारी लावून घ्या.