कॅसेटमधला सिनेमा

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना अंजनेरीचा डोंगर लागतो. हनुमानाचा जन्म इथला, अशी या भागाची श्रद्धा आहे. हंपीजवळचा अंजनाद्री आणि तिरुमलाही हाच मान सांगतात. त्याच रस्त्याच्या टोकाला, त्र्यंबकेश्वरी, ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके जन्मले. १९१३ साली मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवल्यावर त्यांनी बिऱ्हाड आणि कारखाना दोन्ही नाशिकला हलवले, आणि १९१७ साली त्यांचा ‘लंकादहन’ आला. त्यात अण्णा साळुंके रामही झाले होते आणि सीताही. पुढे ९२ वर्षांनी, २००९ मध्ये, हाच हनुमान प्लेस्टेशन २ या कन्सोलवर उतरला. हैदराबादच्या अरोना टेक्नॉलॉजीजने बनवलेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा संपूर्णपणे भारतात तयार झालेला पहिला कन्सोल गेम म्हणून सोनीने बाजारात आणला. त्याच्या मागोमाग हिंदी चित्रपटांवरचे दोन मारधाडीचे गेम आले, २०११ मध्ये ‘रा.वन’ आणि २०१३ मध्ये ‘डॉन २’. तिथे ती वाट जवळपास संपली. फाळक्यांच्या हनुमानामागून एक धंदा उभा राहिला, मग कन्सोलवरच्या हनुमानामागून का राहिला नाही? गोष्टी कमी नव्हत्या, खेळणारी पोरे तर गल्लोगल्ली होती. माझ्या मते उत्तर अवजारात आणि सवडीत आहे. पडद्यावरची गोष्ट दुसऱ्या माध्यमात नेऊन आपली करायची तर ते माध्यम उघडून पाहता आले पाहिजे आणि चुका करायला वेळ मिळाला पाहिजे. नाशिक जिल्ह्याच्या इतिहासात या दोन्ही गोष्टी दोनदा जुळून आल्या. कन्सोलच्या बाबतीत मात्र त्या भारतात वेळेवर जुळल्या नाहीत.

महाराष्ट्रातल्या घरांत कन्सोलवरचा खेळ आला तो १९९० च्या दशकात, आणि मूळ कंपनीच्या नावाने क्वचितच आला. निन्टेंडोने जुलै १९८३ मध्ये जपानात फॅमिकॉम विकायला काढला. त्याच्या तैवान-चीनमध्ये बनलेल्या नकला ‘सामुराई’, ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी आपल्याकडे मिळू लागल्या. त्याला कोणी कन्सोल म्हणत नसे. ‘टीव्ही गेम’ किंवा नुसता ‘व्हिडिओ गेम’. खेळ ज्यात असे ती ‘कॅसेट’. पिवळ्या किंवा काळ्या प्लॅस्टिकचा हातभर नव्हे, तळहाताएवढा चौकोनी डबा, वर चमकदार स्टिकर, खाली उघडी पट्टी आणि तिच्यावर ६० पितळी रंगाच्या पिना. चित्र फाटले की कॅसेट काढायची, पट्टीवर फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. स्टिकरवर ‘९९९९९९९ इन १’ लिहिलेले असे. आत दहा-वीस खेळच वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा फिरत राहत. या स्टिकरांवर सिनेमा सर्रास असे, पण कुठला, कोणाचा, कोणाच्या परवानगीने, याचा पत्ता नसे.

त्या डब्यांत सिनेमा किती होता, हे आज मोजून पाहण्यासारखे आहे. सर्वांच्या तोंडी असलेला ‘कॉन्ट्रा’ कुठल्याही चित्रपटावर अधिकृतपणे बेतलेला नाही. कोनामीने तो १९८७ मध्ये आर्केडसाठी आणि १९८८ मध्ये फॅमिकॉमसाठी काढला. तरी त्याचे दोन नायक अर्नोल्ड श्वार्झनेगर आणि सिल्व्हेस्टर स्टॅलोन यांच्यावरून घडवलेले दिसतात, शेवटचा राक्षस ‘एलियन’ची आठवण करून देतो, आणि पाश्चात्त्य आवृत्तीच्या वेष्टनावरचे चित्र बॉब वेकलिन यांनी ‘प्रिडेटर’मधल्या उभ्या राहण्याच्या ढबी समोर ठेवून काढले. म्हणजे ज्या मुलाने हे चित्रपट पाहिलेच नव्हते, त्याच्या हाती त्यांचा अर्क आधी आला. उलट सनसॉफ्टचा ‘बॅटमॅन’ परवाना घेऊन केलेला. टिम बर्टनचा चित्रपट जून १९८९ चा, गेम त्याच वर्षअखेरीस जपानात आला. त्यातला बॅटमॅन जांभळा आहे. तो या भिंतीवरून त्या भिंतीवर उसळ्या मारत चढतो. चित्रपटातला बॅटमॅन जड पोशाखात जेमतेम मान वळवतो. वाटेत चित्रपटात नसलेले शत्रू भेटतात आणि शेवटी कॅथेड्रलच्या घंटाघरात जोकर. कथा उसनी, पण चढण्याची ती रीत खेळाची स्वतःची आहे, आणि आजही हा गेम खेळावासा वाटतो तो तिच्यामुळे. सनसॉफ्टला हे जमले, कारण फॅमिकॉमच्या आत काय चालते हे तिथल्या लोकांना अनेक खेळ करून ठाऊक झाले होते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. आपल्याकडचे यंत्र तर बंद नव्हतेच! अमेरिकेत निन्टेंडोने १९८५ पासून यंत्रात कुलपासारखी चिप बसवली. तिची जोडीदार चिप कॅसेटमध्ये नसेल तर खेळ सुरूच होत नसे. कॅसेट निन्टेंडोच बनवून देणार आणि एका कंपनीने वर्षाला किती खेळ काढायचे तेही तीच ठरवणार. जपानी फॅमिकॉममध्ये हे कुलूप नव्हते, आणि भारतातल्या नकला त्याच्याच वंशातल्या. तैवानच्या लोकांनी याचा फायदा घेऊन ‘अलादीन’सारखे खेळ विनापरवाना फॅमिकॉमवर उतरवले. मग भारतात कोणी का केले नाही? विद्या नव्हती, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. १९८४ पासून ‘क्लास’ योजनेखाली देशातल्या निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. त्यांचा प्रोसेसर ६५०२, फॅमिकॉमचा त्याच घराण्यातला. विद्या कोपऱ्यावर येऊन थांबली होती. पण टीव्ही गेम आपल्याकडे दुकानदाराचा माल म्हणून आला, कारागिराचे काम म्हणून आला नाही. नाशिकला हा फरक समजावून सांगायची गरज नाही. ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-२१ विमानेही परवान्यावरच बनली. सुरुवात रशियाहून आलेले सुटे भाग जुळवण्यापासून झाली आणि पुढे ते भाग इथेच घडू लागले. टीव्ही गेमचा सुटा भागसुद्धा आपल्याकडे कोणी घडवायला घेतल्याचे दिसत नाही. डबा आला, विकला, बिघडला की नवा आला.

फाळक्यांनी नेमके उलटे केले होते. १९११ मध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून त्यांना कल्पना सुचली, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. त्यापेक्षा पुढचे वर्ष मला महत्त्वाचे वाटते. फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसे चालते ते पाहिले, विल्यमसन कॅमेरा घेतला, कच्ची फिल्म आणि तिला भोके पाडायचे यंत्र मागवले. परतल्यावर लगेच हरिश्चंद्राला हात घातला नाही. कुंडीत वाटाणा पेरून त्याचे एकेक चित्र घेत अंकुराची वाढ पडद्यावर दाखवली. ती चाचणी होती, आणि या सगळ्या खटपटीला लागणारा वेळ त्यांनी स्वतःच्या विम्यावर आणि पत्नी सरस्वतीबाईंच्या दागिन्यांवर कर्ज काढून विकत घेतला होता. भोके पाडणे, फिल्म धुणे, जोडणे ही कामे घरात होत, आणि सरस्वतीबाई त्यांत बरोबरीने असत. अवजार घरात होते म्हणून ‘लंकादहन’मधल्या करामती सुचल्या. कॅमेरा थांबवून पुन्हा चालवला तर काय होते, हे ज्याच्या बोटांना कळले आहे त्यालाच हनुमान लहानाचा मोठा करता येतो.

नाशिक जिल्ह्यात अवजार आणि सवड जुळण्याची दुसरी वेळ मालेगावची. यंत्रमागांच्या या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला, सुमारे ५० हजार रुपयांत. सायकलवर बसवून कॅमेरा पुढे न्यायचा, बैलगाडीची दांडी उचलून क्रेन करायची. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ आला; नायक शफीक शेख हे यंत्रमागावरचे कामगार, आणि आकाशात उडण्यासाठी हिरवे कापड. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटाने आणि रीमा कागती यांच्या २०२४ च्या ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ने हे काम जगाला दाखवले. मला त्यातला सुपरमॅन आणि सनसॉफ्टचा जांभळा बॅटमॅन एकाच पंगतीचे वाटतात. दोघांनीही परक्या सिनेमातला वीर घेतला आणि आपल्या हाती असलेल्या यंत्राला जे जमते ते त्याला करायला लावले. मालेगावला ते शक्य झाले, कारण व्हिडिओ कॅमेऱ्याला कुलूप नव्हते आणि चित्रपट अमुक शुक्रवारी लागलाच पाहिजे असे बजावणारे कोणी नव्हते.

दुसरा आक्षेप हक्कांचा. पुराणांना मालक नाही, ‘शोले’ची मालेगावी नक्कल गावात खपून गेली, चित्रपटावरचा कन्सोल गेम मात्र परवान्याशिवाय होतच नाही, मग ही तुलना न्याय्य कशी? आक्षेप खरा आहे, आणि त्यातूनच सवडीचा मुद्दा निघतो. परवाना तारखेसकट येतो. १९८२ मध्ये अटारीने ‘ई.टी.’वरचा गेम नाताळच्या बाजारात हवा म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना जेमतेम पाच आठवडे दिले. सप्टेंबर १९८३ मध्ये अटारीचा न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरला गेला. एप्रिल २०१४ मध्ये तिथे उकरले तेव्हा ‘ई.टी.’च्या कॅसेटी खरोखरच निघाल्या. उलट ब्रिटनच्या रेअर कंपनीचा ‘गोल्डनआय’ चित्रपटानंतर जवळपास दोन वर्षांनी, ऑगस्ट १९९७ मध्ये आला. चमूतल्या बहुतेकांचा तो पहिलाच गेम होता, तरी त्याच्या ८० लाखांवर प्रती खपल्या. परवाना होता, पण शिकायला वेळही मिळाला. आपल्याकडे ‘गजनी’वरचा गेम हैदराबादच्या एफएक्सलॅब्जने संगणकासाठी केला, म्हणजे यंत्र उघडे होते, पण तो डिसेंबर २००८ च्या चित्रपटाच्या गाजावाजाला बांधलेला राहिला. मुंबईच्या ट्राइन गेम्सचा ‘रा.वन’ही दिवाळीतल्या चित्रपटाच्या महिन्यातच यायचा होता. ‘डॉन २’ चित्रपटानंतर वर्षभराने आला खरा, पण तोवर प्लेस्टेशन २ चे उत्पादनच थांबले होते. उशीर आणि सवड एकच नव्हेत, हे या उदाहरणावरून मान्य केले पाहिजे: वेळ मिळाला तोवर यंत्र हातातून गेले.

दोन्ही गोष्टी जुळल्या की काय होते, याचे उदाहरण नाशिकपासून दोनशे किलोमीटरवर आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा मारधाडीचा गेम निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवर आणला. तो चित्रपटावरचा नाही. देवदानवांच्या जगातली बहीण-भावाची गोष्ट आहे, आणि मधले प्रसंग छायाबाहुल्यांतून सांगितले आहेत. तोवर गेम बनवायचे अनरियल इंजिन कोणालाही वापरायला खुले झाले होते. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यावर संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी स्वतःचा फ्लॅट विकून काम चालू ठेवले. सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनंतर शतकभराने, तेही पुन्हा सवडीसाठीच.

एक गोष्ट मात्र तातडीची आहे. फाळक्यांच्या मूकपटांपैकी फारच थोडे तुकडे आज उरले आहेत, आणि जे उरले ते कोणीतरी डबे जपले म्हणून. टीव्ही गेमच्या धंद्याचा कागदी पुरावा आपल्याकडे जवळजवळ नाही. जाहिराती तुरळक, पावत्या फेकलेल्या. पुरावा म्हणजे त्या कॅसेटीच. तुमच्या माळ्यावर किंवा जुन्या कपाटात अशी एखादी असेल तर भंगारात देऊ नका. स्टिकरचा फोटो काढा, कोणत्या साली, कोणत्या दुकानातून, किती रुपयांना घेतली ते आठवेल तेवढे लिहून तिच्यासोबत ठेवा.