आवणी : हातापायांचे काम

आवणी म्हणजे भातरोपांची लावणी. जामसरसह जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात खाचरात वाकून, रोपांची चूड हाती धरून ही लावणी केली जाते.

हे काम पेलतात ते स्नायू. स्नायू हाडाला फक्त ओढतो, ढकलत नाही; म्हणून हातापायांत स्नायूंच्या जोड्या असतात. चूड उचलताना दंडाचा पुढचा द्विशिर स्नायू आखडतो, कोपर वाकते, मागचा त्रिशिर सैलावतो. रोप खोवायला हात लांबवला की पाळी त्रिशिराची.

रोपाची चिमूट आवळणारे बळकट स्नायू बोटांत नसतातच! ते बहुतेक कोपर ते मनगट या भागात असतात आणि मनगटातून जाणाऱ्या लांब कंडरांनी बोटे ओढतात. चिमूट घट्ट आवळून दुसऱ्या हाताने कोपराखाली चाचपावे; स्नायू फुगलेला लागतो.

चिखलातून पाय उपसताना जांघेतले स्नायू मांडी वर घेतात, मांडीमागचे गुडघा वाकवतात. पाऊल मागे टेकले की मांडीपुढचा चतुःशिर गुडघा ताठ करतो. नुसते ओणवे राहिले तरी पाठीचे, नितंबांचे आणि मांडीमागचे स्नायू धड तोलून धरतात. हालचाल दिसत नाही, पण श्रम चालूच असतात. संध्याकाळी कंबर धरते ती यामुळे.