वर्गणीदारांची वही

जुन्या मराठी पुस्तकांच्या शेवटी ‘आश्रयदात्यांची नावे’ अशी एक यादी छापलेली आढळते. कोणत्या गावच्या कोणत्या गृहस्थाने किती प्रती घेतल्या, हे तीत नमूद असते. वाचक ती पाने सहसा उलटून टाकतो. आम्हांला मात्र ती पुस्तकाइतकीच वाचनीय वाटतात. कारण पुस्तक लिहिणारा एक असतो, परंतु ते जगविणारे कोण होते, हे त्या यादीवरूनच कळते. नियतकालिकांच्या बाबतीत अशी यादी छापली जात नाही. ती व्यवस्थापकाच्या वहीत राहते आणि बहुधा वहीबरोबरच नष्ट होते. मराठी कॅथलिक वाचकांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास ही उणीव पदोपदी जाणवते.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले तेव्हा वर्तमानपत्रासाठी आगाऊ पैसे द्यावयाचे असतात, ही कल्पनाच मराठी माणसाला नवी होती. साडेआठ वर्षांनी, १८४० साली ते बंद पडले. त्या काळी टपाल हशील अंतरावर अवलंबून असे. म्हणजे मुंबईपासून जितका वाचक दूर, तितका अंक महाग. १८५४ साली देशभर एकच दर ठरला, १८७९ साली पोस्टकार्ड आले आणि १८८० साली मनिऑर्डर सुरू झाली. केवळ संपादकांच्या लेखणीने मराठी नियतकालिके खेड्यात पोहोचली असे आपण समजतो. त्यात पोस्टमनचा वाटा निदान अर्धा तरी धरावयास हवा! मनिऑर्डरीपूर्वी खेड्यातील मास्तराने आपली वर्गणी मुंबईस धाडावी तरी कशी?

ख्रिस्ती नियतकालिकांपाशी आणखी एक साधन होते. अहमदनगर येथे जून १८४२ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ सुरू केले. त्याच्या पाठीशी मिशनच्या शाळा होत्या, शाळांत शिक्षक होते आणि शिक्षकांना वाचण्याची सवय होती. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारखा कवी त्याच्या मराठी विभागास संपादक म्हणून लाभला.

कॅथलिकांनी हाच मार्ग साठ वर्षांनी धरला. राहुरीजवळील केंदळ या खेड्यात जर्मन येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली ‘निरोप्या’ हे मासिक सुरू केले. फ्रान्समध्ये १८६१ साली येशूच्या पवित्र हृदयाच्या भक्तीसाठी ‘मेसेंजर’ निघाले होते आणि नंतर अनेक भाषांत त्याची भावंडे जन्मली. ‘निरोप्या’ हे त्यांपैकी मराठी भावंड. परदेशी धर्मगुरूने निवडलेला हा शब्द किती घरगुती आहे पाहा! निरोप्या म्हणजे निरोप घेऊन दारी येणारा माणूस. फादर डोरिंग १९०७ साली पुण्याचे बिशप झाले. पहिल्या महायुद्धाने त्यांच्या कार्यात खंड पाडला. १९२१ पासून काही वर्षे ते जपानात हिरोशिमा येथे होते आणि १९२७ साली पुन्हा पुण्यास आले. संस्थापक इतका दूर गेला, तरी मासिक जगले आणि २००३ साली त्याने शंभरी पुरी केली. वर्गणीदारांची वही एका माणसाच्या खिशात नसून धर्मग्रामाधर्मग्रामांत वाटलेली असली की असे घडते.

वर्गणीदार वाढविण्याची एक अगदी निराळी रीत किर्लोस्करवाडीस दिसते. तेथे १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले ते कारखान्याचे पत्रक म्हणून. लोखंडी नांगर घेणारा शेतकरी हाच त्याचा वाचक. शंकरराव किर्लोस्करांनी त्यातूनच एक मोठे मासिक उभे केले आणि पुढे ‘स्त्री’ व ‘मनोहर’ ही भावंडे काढली. नांगराच्या गिऱ्हाइकास मासिकाचा वाचक करता येते. मग मिस्सेला नेमाने येणाऱ्या धर्मग्रामस्थास का करता येऊ नये?

आता आपल्या भाईंदर-उत्तनकडे वळू. हा प्रश्न विचारणे सोपे असले तरी उत्तर तितके सोपे नाही. पोर्तुगिजांचा अंमल १७३९ साली गेला, परंतु येथील चर्चवरची पोर्तुगीज छाया पुढे दीर्घकाळ राहिली. साष्टी आणि वसई १८८६ पासून दमणच्या धर्मप्रांतात होती. १९२८ साली ती मुंबईच्या धर्मप्रांतात आली. उपासना लॅटिनमध्ये, सुशिक्षितांची प्रतिष्ठा आधी पोर्तुगीजमध्ये आणि मग इंग्रजीत. १८८७ साली समाजाने आपली संघटना उभारली, तेव्हा घेतलेले ‘ईस्ट इंडियन’ हे नावही इंग्रजीच! उत्तनचा कोळी किंवा डोंगरीचा शेतकरी घरी, बाजारात, होडीवर मराठीच बोले. पण छापील मराठी त्याला चर्चमध्ये फारशी भेटत नसे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६० च्या दशकात, मिस्सा लोकभाषेत आली आणि वेदीवरून मराठी वाचन होऊ लागले. कॅथलिक मराठी नियतकालिकाचा खरा वाचकवर्ग आमच्या मते तेथे घडला. जो रविवारी वेदीपाशी उभा राहून मराठी वाचतो, तो घरीही मराठी वाचू शकतो.

त्याचे फळ वसईत दिसले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८३ ते २००७ या काळात ‘सुवार्ता’चे संपादक होते. वसईची जमीन, विहिरी आणि झाडी यांवर संकट आले तेव्हा ‘हरित वसई’ची चळवळ त्यांनी पुढे नेली आणि ‘सुवार्ता’ चर्चच्या अंगणाबाहेरही वाचली जाऊ लागली. ज्या अंकात आपल्या विहिरीच्या पाण्याचा प्रश्न आहे तो अंक घ्या, असे कोणास सांगावे लागत नाही. धावगीच्या डोंगरावरील कचऱ्याने गांजलेल्या उत्तनकरांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

मात्र वसई आणि भाईंदर यांच्यामध्ये खाडी आहे. ती पूर्वी आड येत नव्हती, कारण दोन्ही तीर एकाच धर्मप्रांतात होते. वसईच्या फादरांची बदली अलीकडच्या तीरावर होऊ शके, आणि धर्मगुरूबरोबर त्यांचे मासिकही येऊ शके. २२ मे १९९८ रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. मीरा-भाईंदर मुंबईकडे राहिले. वसईच्या दृष्टीने ही आनंदाची घटना. अलीकडच्या मराठी वाचकाच्या दृष्टीने मात्र एक वाट अरुंद झाली. ज्या मुंबई धर्मप्रांतात तो राहिला, त्याचे जुने साप्ताहिक ‘एक्झामिनर’ इंग्रजीत आहे.

येथे टपालाच्या कायद्यातील एक कलम आठवते. १८९८ च्या कायद्याप्रमाणे वर्तमानपत्राच्या सवलतीचा दर मिळण्यास दोन अटी होत्या: अंक एकतीस दिवसांच्या आत निघावा आणि वर्गणीदारांची खरीखुरी यादी असावी. पहिल्या अटीमुळे आमच्यासारखी त्रैमासिके दारातच अडत. दुसरी अट आम्हांला नेहमीच न्याय्य वाटली. फुकट वाटलेल्या हजार प्रतींपेक्षा पैसे मोजलेली शंभर नावे सरकारनेही खरी मानली!

ही नावे चर्चच्या अंगणातच मिळतात. मिस्सा सुटल्यावर टेबल मांडून बसणारा, सणाच्या दिवशी पावतीपुस्तक घेऊन फिरणारा, वर्गणी संपल्याची आठवण करून देताना ‘आजी कशा आहेत?’ असेही विचारणारा प्रतिनिधी ज्या धर्मग्रामात आहे, तेथील यादी टिकते. तो गेला की दोन वर्षांत ती निम्म्यावर येते. आज खरी कसोटी आहे ती यादीतील एका विशिष्ट जागी. वर्गणीदार वारतो, अंक त्याच्या नावाने येतच राहतो, आणि घरातील इंग्रजी शाळेत शिकलेला मुलगा एक दिवस प्रतिनिधीस म्हणतो, “बाबांचं नाव काढा, आता घरात मराठी वाचणारं कोणी नाही.” काही ठिकाणी प्रतिनिधी मान हलवून नाव खोडतो. काही ठिकाणी तो विचारतो, “सूनबाई कुठच्या शाळेत शिकल्या?” सूनबाई मराठी शाळेतील निघतात आणि वहीत त्याच पत्त्यावर नवे नाव चढते.